ओझरहून चिकलठाण्याला

ओझर,
जानेवारी १९८३

प्रिय मैनाताई,

अक्षर बघून हसशील. सातवी सोडल्यावर पेन धरायची वेळच आली नाही. इगतपुरीला हॉटेलात कपबशा विसळल्या, मनमाडला मालधक्क्यावर पोती वाहिली, मधेच एका तंबूवाल्याबरोबर जत्रा फिरलो. त्याचं माकड माझ्याच ताटात जेवायचं. ते असो. दिवाळीपासून घरीच आहे. इतके दिवस मी एका जागी कधी बसलो नव्हतो. कुठं चालत नाही, तरी दमलोय.

आपल्या घरावरून कारखान्याची विमानं चाचणीला उडतात ती आठवतात ना? कोंबड्या बिथरतात म्हणून आई शिव्या द्यायची. आता आवाज आला की म्हणते, "रावज्या, मला भाईर बसव." तुमच्या चिकलठाण्यालाही विमानतळ आहे, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. विमानाला तिथवर किती वेळ लागतो ते विचारून ये म्हणून मला पिटाळलं. कारखान्याच्या फाटकावरचा कोंडाजी म्हणाला, "सरळ गेलं तर दीडशे किलोमीटर. ह्याला पंधरा मिनिटं लय झाली. का रे, तिकीट काढतो का?" आणि आपल्याला एसटीनं येवल्याला गाडी बदलत अर्धा दिवस.

आईनं तेवढंच धरलं. विमान गेलं की उन्हात बसून राहते आणि परत आलं की म्हणते, "आलं तिकडून." तिकडून म्हणजे कुठून, ते बोलत नाही. तू रियाजभाईंशी लग्न केलंस त्या दिवशी तिनं दाराला आतून कडी घातली, तेव्हापासून तुझं नाव घरात निघालेलं नाही. एकदा विमान लगेच परतलं तर जेवली नाही. "घरात कुणी नव्हतं वाटतं," एवढंच म्हणाली. ताई, ती विमानं कुठंच जात नाहीत. चांदवडच्या डोंगरापर्यंत घिरट्या घालतात आणि माघारी येतात. मी तिला सांगितलं नाही.

परवापासून तिला उठवत नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या नाहीत, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. आज दुपारी विमान उतरलं तेव्हा पडल्या पडल्या म्हणाली, "मैनी आली का रे त्यात?" सहा वर्षांनी नाव घेतलं. तार केली असती, पण तार बघून तू भलतंच समजली असतीस. म्हणून हे पत्र शेजारच्या रहेमानच्या हाती देतोय. तो कांद्याचा ट्रक घेऊन तिकडं येतोय, माल उतरवला की लगेच माघारी फिरेल. त्याच ट्रकमध्ये बस. रियाजभाईंनाही आण. अंगाला कांद्याचा वास येईल, येऊ दे. कडी मी काढून ठेवलीय. आईनं विचारलं तर विमानानं आले म्हण.

तुझाच,
रावजी