खोडलेली अक्षरं

४ नोव्हेंबर
आलो बुवा एकदाचा! घर एकट्याला ऐसपैस आहे, खिडकीत ऊन येतं, शेजारी भांडकुदळ नाहीत. आणखी काय हवं? घरमालकाने जुना कॉम्प्युटर टेबलासकट माझ्या गळ्यात मारला, मीही घासाघीस करून पंखा पदरात पाडून घेतला. आयुष्यभर इंजिनांच्या आवाजावरून रोग सांगत गॅरेज उभं केलं, तेव्हा हे यंत्रही कानांनीच पारखलं. घुरघुरतं, पण चालेल. लांब राहणाऱ्या लेकीचा हट्ट, बाबा, आता मेल करा, फोनवर तुम्ही नुसतं 'बरं, ठेवतो' म्हणता.

७ नोव्हेंबर
दोन बोटांनी मेल बडवला. 'तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं' असं लिहून गेलो. वाचून लाज वाटली, खोडलं. 'तब्येत ठणठणीत, काळजी नसावी' एवढंच धाडलं. रोज हेच. लिहितो पानभर, खोडतो पानभर, जातात दोन ओळी.

१२ नोव्हेंबर
मी हात काढून घेतला तरी यंत्र आत पुटपुटत राहतं. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आला. काका, पासवर्ड कुणाला सांगितलात का, विचारू लागला. म्हटलं, बाबा रे, तो मलाच आठवत नाही. हसला, मग यंत्र तपासायला बसला. आत हेरगिरीचा प्रोग्रॅम निघाला, दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा. खोडलेलंसुद्धा? म्हणाला, काका, खोडलेलं तर आधी. त्याने सगळं पुसून यंत्र नव्याने भरलं, पासवर्ड स्वतःच्या लॅपटॉपवरून बदलायला लावले. सुटलो.

१५ नोव्हेंबर
लेकीचा फोन. रडत होती, आनंदाने. म्हणे, कालचं पत्र पुन्हापुन्हा वाचतेय. घर खायला उठतं, असं आधी कधी का नाही बोललात? मी ते पाठवलंच नव्हतं. सांगणार होतो. पण इतक्या मायेने ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती.
बरं, ठेवतो, म्हणालो.

१८ नोव्हेंबर
दुरुस्तीवाला शपथेवर सांगतो, यंत्र स्वच्छ आहे. तिला पत्रं जातातच आहेत. शेवटी वायर उपटून स्वयंपाकघरात नेली. तिथे खोलीतून कळांची टकटक ऐकू आली. दोन बोटांची, मध्येच अडखळणारी. माझीच. वायर माझ्या हातात होती.

२१ नोव्हेंबर
लेकीला खरं सांगून टाकलं, ती पत्रं माझी नाहीत. थंडपणे म्हणाली, बाबांनी लिहिलंच होतं, कोणीतरी त्यांच्या आवाजात फोन करेल म्हणून.
आता उचलत नाही.

२३ नोव्हेंबर
यंत्र भंगारात दिलं. टेबल रिकामं. टकटक चालूच—
फोनवर तिचा मेसेज : बाबा, उद्या येतेय. खाली उत्तर : ये गं, वाट बघतोय. मी दिलेलं नाही.
घसा बसलाय.

२४ नोव्हेंबर
टॅक्सी. तिची पावलं. मी उठायच्या आत बाहेरचं दार उघडलं गेलं—
माझ्या खोलीचं उघडत नाही.
हॉलमध्ये माझा आवाज. तुझ्याशिवाय करमत नव्हतं, म्हणतोय. जवळ बस, म्हणतोय. मला जन्मात जमलं नाही ते सगळं— ती हसतेय. किती दिवसांनी—
विचारतेय, बाबा, आत कसला आवाज?
काही नाही गं, जुनं यंत्र आहे.
मी हाक मारतोय. घशातून नुसतं टक— टक—
हे पान फाडून दाराखालून सरकवतो. बाळा, आत मी आहे, मी तुझा खरा बा