इन ७.०२, आउट १.१०

१५ सप्टेंबर, सोमवार
इन ७.०२, आउट १.१०. कॉलेजात एकूण ६ तास ८ मिनिटं.

आधीच्या वहीचा कागद शाई पसरवत होता, म्हणून ही नवी. हिच्यात फक्त खरं आणि मोजलेलं लिहायचं.

सद्यस्थिती: वय ४९. एफवायबीए, रोल नंबर ४१. सव्वीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत, त्यातली चौदा क्वालिटी इन्स्पेक्टर. ड्रॉइंग वाचायला, व्हर्नियर धरायला, इंग्रजीत पत्र लिहायला मला कोणी शिकवलं नाही. स्वतः शिकलो. आणि शेवटचं प्रमोशन कोणाला? मायक्रोमीटर कुठून धरायचा हे ज्याला मी दाखवलं, त्या पदवीवाल्याला. जूनमध्ये व्हीआरएस घेतली, जुलैत उल्हासनगरला ॲडमिशन. तीन वर्षांत नावापुढे बी.ए. लागणार. एक वर्षही वाया घालवायचं नाही.

आज नोटीस लागली. पहिल्या सत्राची परीक्षा १३ ऑक्टोबरपासून. हजेरी ७५ टक्के नसेल तर बसू देणार नाहीत. पोरांचे चेहरे पडले. माझा नाही. माझी हजेरी १०० टक्के. गेटवर भीमराव नावाचा वॉचमन असतो, त्याच्या रजिस्टरमध्ये पहिल्या दिवसापासून माझी रोज सही आहे, वेळेसकट. बाकीची पोरं नुसतं आयकार्ड दाखवून आत पळतात. त्यांचं कठीण आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार
इन ६.५८, आउट १.४०.

ठराव: उद्यापासून पहाटे ४.३० ते ६ इकॉनॉमिक्स. पुस्तक १८४ पानांचं. रोज १२ पानं धरली तर सोळाव्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबरला संपतं. मग नऊ दिवस उजळणी. लेक्चरची गरज नाही. पहिल्या आठवड्यात बसून पाहिलं. कुंदा ताम्हाणे मॅडमनी फळ्यावर मागणीचा वक्र काढला, दोन्ही अक्षांवर स्केल नाही. मी उभा राहून विचारलं, एक सेंटिमीटर म्हणजे किती? म्हणाल्या, अंदाजे समजा. अंदाजे समजून घ्यायला मी आलेलो नाही. त्या दिवसापासून मॅडम माझ्याशी जपून बोलतात.

यशोधरा म्हणून इथलीच, उल्हासनगर कॅम्प पाचची मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते. कँटीनमध्ये येऊन म्हणाली, काका, लेक्चरला या ना, मॅडम रोज नंबर पुकारतात, एक्केचाळीसला कोणीच बोलत नाही. तिला समजावलं की गेटवर एकदा हजेरी लागल्यावर आत परत मोजणं म्हणजे डबल एंट्री. कंपनीत पंच झालं की माणूस हजर. मग तो लेथवर आहे की चहावर, ती सुपरवायझरची डोकेदुखी. तिने फक्त मान हलवली. पटलं असावं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
इन ७.१५ (उशीर. अलार्म ४.३० चाच होता, पण पीएमवर. घड्याळाचं डिझाइन सदोष).

पानं: ०.

यज्ञेश आला. हा मुलगा वर्गाचा सीआर, म्हणजे प्रतिनिधी, नाही, पण कॉलेजात कुठला डे कधी हे तोच ठरवतो. म्हणाला, काका, नवरात्रात ट्रॅडिशनल डे आहे, स्टेज तुमच्याशिवाय होऊच शकत नाही, आपुन को एकदम परफेक्ट मंगता है. मी म्हटलं, परफेक्ट नावाची गोष्ट नसते, टॉलरन्स असतो, म्हणजे किती फरक चालेल त्याची हद्द. म्हणाला, बघा, म्हणूनच तुम्ही पाहिजे.

होकार दिला. विद्यार्थीजीवनात सामाजिक अंगही हवंच.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
इन ७.००, आउट ४.२०.

आजचा रंग पांढरा. माझा कंपनीचा पांढरा कोट इस्त्री करून घातला. लॅबवाले सर म्हणून दोघींनी गुड मॉर्निंग केलं. वर्गाचा ग्रुप फोटो झाला. फोटोत मी नाही, कारण क्षितिज सरळ ठेवून काढणारा दुसरा कोणी नव्हता.

नंतर स्टेजची मापं घेतली. एका कोपऱ्यात फरशी ११ मिलिमीटर खाली आहे. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुस्तक: प्रस्तावना पूर्ण (४ पानं). लेखकाने एकच आकडा दोन ठिकाणी वेगळा दिलाय. प्रकाशकाला पत्र लिहायला घेतलं, त्यात पहाट गेली.

रजिस्टरबद्दल भीमरावला एक सूचना केली. त्यात रकाने आहेत: नाव, वेळ, कोणाला भेटायचं, काम, सही. विद्यार्थ्याच्या हजेरीत ‘कोणाला भेटायचं’ कशाला? मी रोज ‘सर्व प्राध्यापक’ आणि ‘काम: शिक्षण’ असं लिहितो. भीमराव म्हणाला, लिहा साहेब, जे मनात असेल ते लिहा. माणूस समजूतदार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
इन ६.४०, आउट ६.०५. विक्रम: ११ तास २५ मिनिटं.

ट्रॅडिशनल डे पार पडला. कोपऱ्यात प्लायच्या पट्ट्या लावल्या, स्टेज लेव्हलमध्ये. बॅकड्रॉप प्लंब बॉब, म्हणजे ओळंबा, सोडून लावला. निवेदन करणाऱ्या मुलीने आभाराच्या यादीत ‘मंडप डेकोरेशनवाले काका’ म्हटलं. नाव राहून गेलं. गडबडीत होतं असं.

मागे उभा होतो तेव्हा ताम्हाणे मॅडम दिसल्या. म्हणाल्या, तुम्ही अजून येता का कॉलेजला? मी म्हटलं, रोज, सात वाजता. त्यांना आश्चर्य वाटलं. माझ्या वक्तशीरपणाचं बऱ्याच जणांना वाटतं.

पुस्तक: पान ९. सुधारित हिशेब: उरलेली १७५ पानं, उद्यापासून रोज १७.५. अर्ध्या पानाला कुठे थांबायचं ते पेन्सिलीने आखून ठेवलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
कॉलेज बंद. इन, आउट नाही.

व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि इकॉनॉमिक्सचं पुस्तक पूजेत मांडलं. पूजेतल्या वस्तूला दसरा होईपर्यंत हात लावत नाहीत. म्हणजे आजचा आणि उद्याचा अभ्यास धर्मानेच थांबवला.

बायको, संजीवनी, बालवाडीत शिकवते. झेंडूचं तोरण करता करता विचारलं तिने, हजेरी किती भरली? शंभर टक्के म्हटलं. म्हणाली, वर्गात? मी गेटची पद्धत सांगितली. म्हणाली, आमच्याकडे मूल वर्गात दिसलं तरच हजर धरतो, फाटकाला हात लावून गेलं तर नाही. बालवाडी आणि विद्यापीठ यातला फरक तिला समजावण्यात अर्धा तास गेला.

४ ऑक्टोबर, शनिवार
इन ७.०२, आउट १.१०.

पान १४. वाचताना झोप येते याचं कारण सापडलं: टेबलाची उंची. ४० मिलिमीटर जास्त आहे. पाय कापून घेतले. आता टेबल हलतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
इन ७.००.

नोटीस बोर्डवर डिफॉल्टर यादी. अनुक्रमांक १: रोल नंबर ४१, ८.०२ टक्के.

टायपिंगची चूक. १००.०० चं ८.०२ कसं झालं ते कळत नाही, पण ऑफिसातल्या पोरांचं टायपिंग मी पाहिलेलं आहे. यज्ञेशचं नाव सातवं, ६१ टक्के. त्याच्याबद्दल वाईट वाटलं. तो यादी वाचून मोठ्याने म्हणाला, काका, तुम्ही तर टॉपर! आजूबाजूचे हसले. मी हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून हसलो नाही.

उद्या रजिस्टर घेऊन मॅडमकडे जाणार. पुरावा लेखी आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार
इन ६.५५.

भीमरावकडे रजिस्टर मागितलं. त्याला तक्रारीचा धाक वाटला, म्हणून तोही बरोबर आला. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं रजिस्टर मॅडमसमोर ठेवलं आणि माझ्या ५८ सह्या दाखवल्या. एकाही वेळेत खाडाखोड नाही.

मॅडमनी एकेक पान उलटून पाहिलं. मग पहिलं पान उघडून माझ्याकडे फिरवलं. मोठ्या अक्षरांत: अभ्यागत नोंदवही.

भीमराव म्हणाला, मॅडम, मला वाटलं हे कोणाचे तरी वडील आहेत. पहिल्या दिवशी मीच सांगितलं पालकांनी इथे सही करा म्हणून. मग रोजच यायला लागले. वाटलं पोरगी लई वांड असणार, रोज तक्रार घेऊन येतायत बिचारे.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, इतकी नीट नोंद मी पाहिलेली नाही. पण लेक्चर झाली २१२, तुम्ही बसलात १७. मी मनात भागाकार केला. ८.०१८. त्यांनी पुढे घेऊन ८.०२ केलेलं. बरोबर होतं.

विचारलं, काय करता येईल? म्हणाल्या, सूट प्राचार्य देतात, पहिलं सत्र आहे म्हणून देतीलही. हमीपत्र लागेल, आणि पालकांना समक्ष आणायचं. नाहीतर सत्र गेलं.

मी म्हटलं, मॅडम, मीच पालक आहे. म्हणाल्या, कोणाचे?



९ ऑक्टोबर, गुरुवार
इन... लिहायचं कशाला.

संजीवनीला घेऊन ऑफिसात. क्लार्क म्हणाला, मिसेस चालणार नाहीत, सॉफ्टवेअरमध्ये वडील आणि आई एवढेच ऑप्शन आहेत. मी म्हटलं, सॉफ्टवेअर सदोष आहे. संजीवनीने माझा दंड धरला आणि बाहेर आणलं. म्हणाली, सुट्टी टाकून आलेय, इथे तरी कोणाला सुधारू नका.

वडील जाऊन अकरा वर्षं झाली. आई कुळगावला.

रिक्षाने गेलो. आई भात पाखडत होती. तिला कसं सांगायचं ते रस्ताभर ठरवत होतो, प्रस्तावना, कारणं, सगळं क्रमाने. संजीवनीनेच एका वाक्यात सांगितलं: आई, तुमच्या मुलाच्या शाळेत बोलावलंय. आईने सूप खाली ठेवलं. मला विचारलं, कोनाला मारलंस?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आई नवं लुगडं नेसून आली. वय ७४. मॅडमना ‘मास्तरीनबाय’ म्हणाली आणि खुर्चीवर बसेचना. पालकांनी उभंच राहायचं असतं, असं तिला वाटत होतं. मी तिच्या शेजारी उभा. समोर मॅडम, मागे क्लार्क. दारात यज्ञेश त्याच्या वडिलांबरोबर आपल्या पाळीची वाट बघत होता.

मॅडमनी आईला सांगितलं, हुशार आहेत, पण वर्गात बसत नाहीत. आई म्हणाली, लहानपनापासून असाच. शालेत जायचा, पन वर्गात बसायचा नाय. भायेर कंपौंडवर बसून दुसऱ्या पोरांना शिकवायचा.

मॅडमनी संजीवनीला विचारलं, घरी अभ्यास? संजीवनी म्हणाली, पुस्तक उघडं असतं.

मी मध्ये बोलायला गेलो. आई म्हणाली, गप रे.

गप्प बसलो. सव्वीस वर्षं कंपनीत मला कोणी गप म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर उत्तर दिलं असतं. 

आईला सही येत नाही. अंगठा दिला. ठसा चौकोनाच्या बाहेर गेला. मी तिच्या अंगठ्याची शाई रुमालाने पुसली. जाताना तिने मॅडमचा हात धरला आणि म्हणाली, बाय, याला बसू द्या परीक्षेला. याचा बा रेल्वेत खलाशी होता. त्याला लई हौस होती पोरगं शिकावं. आमालाच जमला नाय तवा.

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

प्राचार्यांची सही झाली. परवानगी मिळाली. अट: आजची आणि उद्याची सगळी उजळणीची लेक्चर वर्गात बसून.

आजची तीन बसलो. डोकं आईकडेच होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी

सकाळी ७.१० ते १२. चार लेक्चर, एकही मिनिट बाहेर नाही. मॅडमनी एक्केचाळीस पुकारलं. मी ‘हजर’ म्हटलं. सगळा वर्ग मागे वळला.

इकॉनॉमिक्सची उजळणी पहिल्या प्रकरणापासून झाली. मॅडमनी तोच मागणीचा वक्र काढला, स्केलशिवाय. मग तो उजवीकडे सरकवला आणि का सरकतो ते विचारलं. पोरांनी भराभर सांगितलं. मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा. मी वहीत वक्र अगदी अचूक उतरवला. तो का सरकला ते मला कळलं नाही. स्केल दिलं असतं तरी कळलं नसतं.

मी हात वर करणार होतो. केला नाही. कोणता प्रश्न विचारायचा हे कळायलासुद्धा थोडं यावं लागतं.

खरं आणि मोजलेलं: १८४ पैकी २२ पानं. बाकी सहा विषयांची पुस्तकं आणलेली आहेत, कव्हरं घातलेली आहेत. परीक्षा परवा.

यशोधराला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, जरा समजावशील का? म्हणाली, हो काका, कुठून? म्हटलं, सुरुवातीपासून. तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, उद्या सकाळी कॅम्प पाचला घरी या, पण अकरापर्यंतच, मग मलाही वाचायचंय.

निघताना सीटिंग अरेंजमेंट लागली होती. माझा बाक खिडकीजवळ. बरोबर मागे यज्ञेश, त्यालाही परवानगी मिळालीय. त्याने यादी दोनदा वाचली, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, काका, आता माझं टेन्शनच गेलं.