आप्पांनी श्वास धरला न्हाय

१२ जाने., सोम.
बेळगावहून आप्पांचा सीटी रिपोर्ट आला. स्वादुपिंडातली गाठ न्यूरोएंडोक्राइन, हे सुईच्या तपासणीत आधीच कळलेलं. हळू वाढणारी जात. काढता आली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, असं सर्जन म्हणालेले. 'काढता आली तर'वर सगळं. गाठीला लागून आतड्याकडची मोठी शीर जाते. गाठ तिला नुसती टेकलीय की विळखा घातलाय, तेवढं दिसायला पायजे होतं. रिपोर्टात काय? श्वासामुळं चित्र पुसट, शिरेबद्दल सांगता येत न्हाय, स्कॅन परत करा.

१३, मंगळ.
आईनं खोदून विचारल्यावर आप्पा कबूल झाले. मशीनमधला आवाज कानडीत 'श्वास धरा' म्हणाला, म्हणून धरला न्हाय.
"मला कानडी येत न्हाय."
निपाणीत तंबाखूची दलाली करतो हा माणूस! रोज चिकोडीकडच्या शेतकऱ्यांशी कानडीत भाव तोडतो.
आई: "आन् काल फोनवर कुठल्या भाषेत शिव्या देत हुता?"
"त्यो धंदा. दवाखान्यात मी मराठी."
माझं डोकंच फिरलं. तांब्या भिंतीवर मारला. भिंतीला काय झालं न्हाय, तांब्याला पोचा.
आप्पा शांतपणे म्हणाले, "कॉलेज असंच घालवलंस."

१५, गुरु.
कॉलेज म्हणजे ह्याच मशिनींचा कोर्स. सरांशी भांडलो, सोडला. वर्गातली र. म्हणत होती, परीक्षा तरी दे. तिच्यावरपण ओरडलो. तेव्हापासून बोलणं बंद. ती चिकोडीची, घरात कानडी. कोर्स पुरा करून त्याच सेंटरला लागली. आप्पांच्या स्कॅनला तिची सुट्टी होती. बरं वाटलं होतं. वाईटपण वाटलं होतं.
आज मेसेज टाकला, 'आप्पांचा सीटी परत करायचाय. आवाज मराठीत लावता येतो का?'
निळ्या खुणा. उत्तर न्हाय.

१६, शुक्र.
'रेकॉर्डिंग कानडीतच आहे. सोमवारी घेऊन ये. उपाशी आण.'
घेऊन *ये*. 'या' लिहिता आलं असतं की.

१९, सोम.
सकाळच्या एसटीनं बेळगाव. ती निळ्या कपड्यात, केस बांधलेले, माझ्याकडं बघितलं न्हाय. आप्पांना सुई लावली, मशीनचा आवाज बंद केला आणि काचेमागनं माइकवर स्वतःच बोलली, त्या तिच्या हेलाच्या मराठीत, "आप्पा, श्वास घ्या. धरा. हलू नका." एकदा सुईतल्या औषधानं धमन्या भरल्यावर, एकदा शिरा भरल्यावर. बाहेर मला ऐकू येत होतं. मीपण धरला.
उठल्यावर आप्पा तिला म्हणाले, "छलो माडिदी, तंगी." चांगलं केलंस पोरी, असं. कानडीत!
ती हसली. "तुम्हांला येतं की कानडी."
"थोडं थोडं."
मी विचारलं, "शीर कशी दिसली?"
"डॉक्टर सांगतील."
नियम मलाबी ठाऊक. तरी तिचं तोंड वाचायला बघितलं. काही दिसलं न्हाय. चांगली शिकलीय.

२४, शनि.
चित्र स्वच्छ आलंय. धमनी मोकळी. शिरेला गाठ टेकलीय, निम्म्या घेरापेक्षा कमी. पण एका जागी शीर चिमटल्यासारखी, तिथं गाठ आत शिरलीय का, खात्री न्हाय. सर्जन म्हणाले, ऑपरेशन केलं तर शिरेचा तुकडा कापून जोडायची तयारी ठेवूनच आत जायचं. रक्तस्रावाची भीती आहे. न्हायतर महिन्याला इंजेक्शन, थांबायचं, परत स्कॅन. "घरी ठरवून सांगा."
एसटीत आप्पांनी विचारलं, "तू शिकलायस की ह्यातलं. काय करू?"
निम्मंच शिकलोय. शिरांचा धडा पुढच्या निम्म्यात होता.

२६, सोम.
थकलोय. घरात कोणी त्या विषयावर बोलत न्हाय, दुसऱ्या विषयावरपण न्हाय.
संध्याकाळी आप्पा कॉटवर उताणे पडून श्वास धरत होते. गाल फुगलेले.
"आप्पा, ऑपरेशनला हे लागत न्हाय."
"स्कॅनला लागतंय. थांबायचं ठरलं तर." मग छताकडं बघत, "परत तीच पोरगी असंल न्हवं?"
"असंल."
"वळखीची दिसती तुझ्या."
मी त्यांच्या डोक्याखालची उशी सारखी केली.
"विचार तिला. तिच्या बापाचं असतं तर काय केलं असतं."
फोन घेऊन गच्चीवर आलो. लिहिलं, 'आप्पा विचारतायत'. खोडलं. 'मी विचारतोय, तुझ्या वडिलांचं असतं तर?' पाठवलं.
अजून एकच खूण आहे.