तुझ्या नाटकातली बायको

डब्लिन, ओहायो
९ नोव्हेंबर २०२५

अवधूत,

स. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही ईमेल मिळाल्या. उत्तर ईमेलने देत नाही, कारण ईमेल तू एजंटला फॉरवर्ड करतोस. हे हाताने लिहिते आहे. माझं अक्षर लावायचा तुला पहिल्यापासून कंटाळा, तर थोडे कष्ट घे.

इकडे सगळं ठीक. केया, तुझी लेक, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला रुळली आहे. नवी टीम बरी आहे म्हणते, फक्त फ्रीवेवरच्या ट्रॅफिकला वैतागते. मागच्या अंगणातल्या मेपलने यंदा लवकर पानं टाकली, दोन वीकेंड ती गोळा करण्यात गेले. हॉस्पिटलच्या फार्मसीत मी आता सीनियर झाले, म्हणजे काम तेच आणि मीटिंगा जास्त. तुझी खुशाली विचारत नाही. ती पेपरात छापून येते.

तुझ्यावरचा तो मोठा लेख मीही वाचला. एम.एस. करायला ओहायोत आलेला मुलगा, चांगली नोकरी सोडून न्यूयॉर्कला जातो, तळघरातल्या थिएटरांत नाटकं करतो, आणि आजारी वडिलांची सेवा करता करता त्याला आयुष्यातलं मोठं नाटक सापडतं. मग पुरस्कार, मग देशभर प्रयोग. सोबत नानांचा फोटो होता, निळ्या स्वेटरमधला. त्या फोटोत त्यांच्या शेजारी मी होते. माझा खांदा तेवढा कापायचा राहून गेला आहे.

इथल्या मराठी मंडळाने दिवाळीला तुझं नाटक मराठीत करायचं ठरवलं, ते मला उशिरा कळलं. चैत्राली दिग्दर्शन करत होती. ती इथे युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, नवी आहे, तिला आपल्याबद्दल काही माहीत नव्हतं. नट शोधत ती माझ्या दारात आली.

"मावशी, बायकोचा रोल कोणीच घेत नाहीये. डायलॉग जवळपास नाहीतच. मोठ्या सीनमध्ये नुसतं मागे उभं राहून बॅग भरायची."

"करते," मी म्हटलं.

"पण रायटरची अट आहे हां. एकही शब्द बदलायचा नाही."

"नाही बदलणार."

ती गेल्यावर स्क्रिप्ट वाचायला बसले. ती बायको सासऱ्यांच्या खोलीत जात नाही. तिला वास सहन होत नाही. "मलाही माझं आयुष्य आहे," एवढं म्हणून ती बॅग उचलते. हे वाक्य मी कधी म्हटलं, अवधूत? सहा महिन्यांची फेलोशिप म्हणून बॅग घेऊन तू न्यूयॉर्कला गेलास. मी फार्मसीत पार्ट टाइम झाले आणि घरी राहिले.

वाईट वाटलं ते त्या वाक्याचं नाही. बाकीचं सगळं माझंच होतं, त्याचं वाटलं. नाना पार्किन्सनची गोळी गालात धरून ठेवायचे आणि मी वळले की कुंडीत टाकायचे. मोज्यांना नावं द्यायचे, एकाला डावा आणि दुसऱ्याला मुंबईचा म्हणायचे. नखं कापताना हात थरथरायला लागला की स्वतःच्याच हाताला दटावायचे, "गप बस रे, पोरगी काम करतेय." हे तू पाहिलेलं नाहीस. हे मी तुला फोनवर सांगायचे. तुझ्या नाटकात नखं मुलगा कापतो आणि नाना म्हणतात, "गप बस रे, पोरगा काम करतोय." दोन अक्षरांची दुरुस्ती करून तू मला पुसलंस. लोक त्या वाक्याला रडतात म्हणे.

आणि ऐक, हे तुला ठाऊक नसेल. मी दिवसभर नानांकडे बघत असायचे तेव्हा मनात जमवत असायचे. हे अवधूतला सांगू, याला तो हसेल. कारण त्या गोष्टी असल्या की तू फोन लवकर ठेवायचा नाहीस. "मग पुढे? मग नाना काय म्हणाले?" असं विचारायचास. मला वाटायचं, नवरा बायकोशी बोलतो आहे. तू लिहून घेत होतास.

असो. नानांचं काम बाळकाकांना दिलं होतं. ते रिटायर्ड डॉक्टर, नानांबरोबर बुद्धिबळ खेळायला यायचे, हे तुला आठवत असेल किंवा नसेल. मुलाचं, म्हणजे तुझं काम अमेयने केलं. चांगला मुलगा आहे, पाठांतर चोख. तालमीत मी सांगितल्याप्रमाणे मागे उभी राहून बॅग भरत होते. मनात काय आहे ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

तू चीफ गेस्ट म्हणून येणार हे कळलं तेव्हा सगळे काळजीत पडले. आपण नवरा-बायको होतो हे चैत्रालीला तोवर कोणीतरी सांगितलं होतं. ती रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, तुम्हाला ऑकवर्ड होत असेल तर मी दुसरी कोणी बघते." मी म्हटलं, "अगं, ते माझ्या ओळखीचे आहेत."

पुढचं तू पहिल्या रांगेतून पाहिलंस, पण मला स्टेजवरून कसं दिसलं ते ऐक. अमेयने तुझं ते लांबलचक भाषण सुरू केलं. मी बॅग उघडली. त्यात माझे कपडे नव्हते. धुतलेला बनियन होता, टॉवेल, वाडगं, मोठ्या माणसांचे डायपर. मी एकेक वस्तू बाहेर काढून नानांच्या पलंगावर ठेवली. मग बाळकाकांच्या मानेखाली हात घालून त्यांना उठवून बसवलं, तोंड पुसलं, बनियन बदलला. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अमेय घाबरला, पण बोलत राहिला. "नानांची नखं मी कापायचो," या वाक्याला मी त्याच्यापुढे हात केला. त्याने नेलकटर माझ्या हातात दिलं. बाळकाकांनी न सांगता बोटं पुढे केली. मी नखं कापत बसले आणि तो पोरगा रिकाम्या हातांनी सेवेबद्दल बोलत उभा राहिला.

त्या हॉलमधल्या अर्ध्या लोकांनी माझ्या घरी येऊन नानांना पाहिलेलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. तुझ्या मानेकडे बघत होते.

नंतरच्या गप्पांमध्ये शोभाकाकूंनी माईक मागितला. त्या नानांसाठी दर शनिवारी मऊ भात करून आणायच्या.

"अवधूत, एक विचारते. जगन्नाथरावांची नखं कोण कापायचं?"

"काकू, कसं आहे, नाटकात इमोशनल ट्रुथ असतं..."

"ते असेल रे. मी नखांचं विचारतेय."

तू पाणी प्यायलास. काकूंनी माईक खाली ठेवला नाही. एवढे पुरस्कार मिळालेला माणूस ग्लासाआड तोंड लपवतो, हे मी विंगेतून डोळे भरून पाहिलं. मला लाज वाटली नाही. अजून वाटत नाही. घरी येऊन मी चहा केला आणि कितीतरी दिवसांनी साखर घालून प्यायले.

तुझी पहिली ईमेल आली, नाटकात बेकायदा बदल केल्याची. शब्द एकही बदलला नाही, चैत्रालीकडे व्हिडिओ आहे. बॅगेत काय असावं ते तू लिहिलेलंच नव्हतंस. मंडळाला त्रास देऊ नकोस. नोटीस पाठवायची तर माझ्या नावाने पाठव. मग कोर्टात शोभाकाकू येतील.

दुसरी ईमेल मात्र खास तुझी. "तो प्रसंग ब्रिलियंट होता. न्यूयॉर्कच्या नव्या प्रॉडक्शनमध्ये घ्यायचा आहे. तुला क्रेडिट देईन. आणि एक विचारायचं होतं, नाना शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले का? नव्या शेवटासाठी मला ते हवं आहे."

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. आज विचारतोस, आणि तेही नव्या शेवटासाठी.

म्हणाले. शेवटच्या दुपारी ते अगदी शुद्धीवर होते. केया कॉलेजात होती, नर्स यायची होती, खोलीत मी एकटी. तुझं नाव घेतलं, मग तुझ्याबद्दल बोलले, थोडंच, पण स्वच्छ आवाजात. माझा हात धरून बोलले. मला शब्दन्‌शब्द आठवतो. चांगलं बोलले की वाईट, तेही सांगणार नाही. केयाला सांगितलेलं नाही, कोणालाच सांगणार नाही.

तू काहीतरी रचशील. छान रचशील, थिएटर उभं राहून टाळ्या वाजवेल. पण तुला माहीत असेल की ते त्यांचं नाही. प्रत्येक प्रयोगाला, पहिल्या रांगेत बसून, तुला माहीत असेल.

पुन्हा ईमेल करू नकोस.

नानांची सून,
आसावरी