एका पायातला बूट

हाँगकाँग, रविवार

प्रिय नानाय, माझ्या आई,

आशीर्वादासाठी तुझा हात माझ्या कपाळाला लावला असं समज. औषध वेळेवर घेतेस ना? माझा गुडघा अजून सुजतो, पण काळजी नको.

आज कामाला सुट्टी म्हणून बागेत बसले होते, पाऊस आला म्हणून मॉलमध्ये शिरले. तिथे खरेदीशिवाय थांबलेल्यांना बाहेर काढतात. मला उभं राहवेना. बुटांच्या दुकानातल्या लाऊबाईंनी बसवून माझ्या एका पायात नवा बूट चढवला. "आता तू गिऱ्हाईक."

हे खोटंच, म्हणून मी उठणार, तोच पहारेकरी आला. त्याने सुजलेला गुडघा पाहिला.

"एका बुटाने काय कळणार? दुसराही घाला. सावकाश."

पाऊस थांबेपर्यंत मी बसले. चर्चमध्ये त्या दोघांसाठी मेणबत्ती लाव. पहारेकऱ्याचं नाव विचारायचं राहिलं. देवाला माहीत असेल.

तुझी,
मारिविक