बशीर हल्ली भांडत नाही

१७ जानेवारी १९७४
गड्ड्याच्या जत्रेत आमच्या बँडचा कार्यक्रम झाला. गर्दी दरवर्षीसारखी, शिट्ट्याही तशाच. मला मात्र बरं वाटलं नाही. बशीरनं बांधलेली नवी चाल आज पहिल्यांदा स्टेजवर घेतली. महिनाभर आम्ही चौघं माझ्या सायकलच्या दुकानाच्या माळ्यावर तीच घोटत होतो. मधे एक जागा आहे, तिथं बाकीच्यांनी गप्प व्हायचं आणि बशीरच्या गिटारनं एकटीनं पुढं जायचं. तिथं पोचलो आणि माझ्या हातांनी ड्रमवर जुन्या गाण्याचा रोल मारला. झालं. नरसय्याचा बेस तिकडं वळला, राजारामनं माइक ओढला, आणि सगळे बारा वर्षं वाजवतोय त्याच इंग्रजी गाण्यात जाऊन पडलो. एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. पब्लिक खूश. बशीरही निमूट वाजवत राहिला. खाली उतरल्यावर शिव्या घालेल वाटलं होतं. "चहा घ्यायचा का," म्हणाला.

२० जाने., रवि.
प्रॅक्टिसला विषय मीच काढला. राजारामचं म्हणणं, लोक जुन्यासाठीच येतात, शेंगाचटणीत कुणी दरवर्षी नवी चव शोधतं का. नरसय्यानं मान डोलावली. (त्याला घरी मागावर बसायची घाई, तो कशालाही मान डोलावतो.) मला पटलं नाही. त्या टाळ्या आम्हाला होत्या, की लोकांना आपले कॉलेजचे दिवस आठवले म्हणून? संशय आहे. बशीर काय म्हणतो याची वाट बघत होतो. तो तारा पुसत बसलेला.
"राजाराम म्हणतोय ते बराबर हाय."
हा बशीर? एका कॉर्डवरून महिना महिना अबोला धरणारा?

२७ जाने.
बशीर आला नाही. कुर्डुवाडीला बहीण आजारी, असा निरोप. त्याच्याशिवाय वाजवलं. काही अडलं नाही, हेच वाईट.

३ फेब्रु.
आजही नाही. परत बहीण. नरसय्या सहज बोलून गेला की बशीर सकाळी स्टेशनवर दिसला, खांद्याला गिटार होती. आजाऱ्याला बघायला जाताना माणूस मोसंबी नेतो. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "माझ्यावर कदी येवढा संशय घेतला न्हाईत."

१० फेब्रु., रवि.
कुर्डुवाडीला जाऊन आलो. लाज वाटत होती, तरी गेलो. रेल्वे वसाहतीजवळच्या एका हॉलमधून गिटार ऐकू आली. खिडकीतून बघितलं. वर्कशॉपातली तरणी पोरं, कानांवर केस, आणि बशीर त्यांच्या मागं स्टुलावर. पुढं नाही, मागं. वाजवत होते ते धड नव्हतंच. ड्रमवाला तर ठेका सोडून पळत होता, त्याच्या काठ्या काढून घ्याव्यात असं वाटलं. मग बशीर चुकला. सपशेल चुकला आणि मोठ्यानं हसला. परत सुरू केलं, परत चुकला. पुढच्या खेपेला जे लागलं ते...

असं वाजवताना त्याला कधी ऐकलंय? ऐकलंय. अगदी सुरुवातीला. डोळे भरून आले आणि त्याच वेळी रागही आला. आत गेलो नाही. पुढच्या गाडीनं परत.

११ फेब्रु.
बशीर आपण होऊन दुकानात आला. काल खिडकीत दिसलास म्हणाला. बहीण खरंच आजारी आहे, पण तिच्यापाशी थोडंच बसणं होतं, बाकी वेळ त्या पोरांत. मी विचारलं, आमच्यात काय कमी आहे? पंक्चरच्या घमेल्यात बोट फिरवत बसला.
"कमी काय न्हाय, मल्ल्या. तितं मी चुकायला जातो. हितं आता आपल्याला चुकायलाच येत न्हाय."
गड्ड्यावर चुकलो की, मी म्हटलं.
"ती चूक न्हवती. ती सवय हुती."
दुपारभर एका चाकाचा बाक काढत बसलो, तो काही निघाला नाही.

१७ फेब्रु., रवि.
बशीर वेळेच्या आधी हजर. राजाराम म्हणाला, पुढच्या गड्ड्याला हीच गाणी, हाच क्रम ठेवू. बशीर चालेल म्हणाला. मी मुद्दाम त्याला अजिबात न आवडणारी दोन गाणी घुसडली. तीही चालतील. मग म्हटलं, तुझी नवी चाल टाकूनच देऊ या का? उसळेल असं वाटलं. उसळावा असं फार वाटलं. "टाकू की," म्हणाला, आणि सूर लावायला लागला. वाजवलं मात्र झकास, एक सूर इकडचा तिकडं नाही.

ज्याला राहायचं असतं तो भांडतो. मग हा राहिलाय, की गेलाय आणि नुसता येतोय? जिना उतरताना विचारलं, पुढच्या रविवारी आहेस ना.
"येतो की," म्हणाला. फार पटकन म्हणाला.