वाटून घेतलेल्या भाषा

प्रिय चिमणे,

आत्याचा निरोप तुझ्याकडून कळला. रिकाम्या दुपारी तिला एखादी भाषा शिकायचीय, आणि पोलिश घ्यावी की थाई ते तिला माझ्याकडून जाणून घ्यायचंय. एक जिना उतरला की तिचं घर, तरी निरोप तुझ्यामार्फत आला. तुझे बाबा गेल्यापासून माझ्यापुढे भाषांचा विषय काढायला ती बिचकते. यातलं हवं तेवढं तिला फोनवर वाचून दाखव. शेवटचं तेवढं तुझ्यापाशी ठेव.

तुझं लग्न पोलिश मुलाशी झालं आणि पाठोपाठ दादानं थाई सून आणली, तेव्हा बाबा काय म्हणाले होते, आठवतंय? "या वयात दोन-दोन भाषा कोण शिकणार? वाटून घेऊ. तू मुलांना गाणं शिकवतेस, तुझा कान तयार आहे. थाई तुझी. मी घड्याळं दुरुस्त करतो, मला बारीक भागांची सवय. पोलिश माझी. उद्या दादाच्या मुलांशी तू माझ्या वतीनं बोल, चिमणीच्या मुलांशी मी तुझ्या वतीनं बोलेन." मला ती केवढी हुशारी वाटली होती! केर तुझा, भांडी माझी, तशीच ही वाटणी.

तर आत्याला सांग, थाई आधी कानानं शिकावी लागते. अक्षरं तीच, पण सूर चढला किंवा उतरला की शब्द पार वेगळा. असे पाच सूर आहेत. सुरुवातीला मी चक्क पेटी पुढ्यात घेऊन बसायचे. एकदा ते गळ्यात बसले की पुढे बरंच सुख आहे. क्रियापद कधी बदलत नाही. काल म्हटलं, उद्या म्हटलं की काम भागतं. अक्षरं आपल्या क-ख-ग च्याच वळणानं येतात, फक्त दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे वाचताना धाप लागते. आणि समोरच्याला ताई-दादा म्हणत बोलायचं, ते तर आपल्या घरचंच.

पोलिशचं सगळं उलट. लिपी रोमन, सुरांची कटकट नाही, पण उच्चार करताना दाताखाली खडे आल्यासारखं होतं. व्यंजनाला व्यंजन चिकटलेलं. शिवाय सात विभक्ती. साधा चमचासुद्धा दर वाक्यात नवं शेपूट लावून येतो. पण बाबा म्हणायचे, "मराठी माणसाला याची कसली भीती? तीन लिंगं आपल्याकडे आहेत, बाप्या गेला नि बाई गेली हेही आपल्याकडे आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी रडावं." डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडावं तसे ते एकेक वाक्य उघडून बसायचे. मी चिडवायचे, "एका चमच्याला एवढे कपडे!" तर म्हणायचे, "तुमच्या थाईत काळच नाही, बाईसाहेब. घड्याळवाल्यानं खायचं काय?"

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरच्या डब्यांना त्यांच्या पोलिश चिठ्ठ्या चिकटवलेल्या, खालच्या फळीवरच्या डब्यांना माझ्या थाई. सकाळचा चहा आम्ही त्याच फळ्यांसमोर उभं राहून प्यायचो, रोज. पण मान वर करून मी त्यांची एक चिठ्ठी कधी वाचली नाही. तो त्यांचा प्रांत होता. त्यांनीही कधी खाली वाकून बघितलं नाही.

नातवाचा फोन आला की ते माझ्या शेजारी बसून त्याला दुकानातल्या उलट चालणाऱ्या घड्याळाची गोष्ट सांगायचे, हातवारे करून. माझी थाई ती केवढी! मी आपलं म्हणायचे, आजोबांकडे एक गमतीचं घड्याळ आहे, आणि तू नीट जेव. मग ते विचारायचे, "सगळं सांगितलंस ना? मग हसला कसा नाही?" लहान आहे हो अजून, म्हणायचे मी.

आणि रविवारी तुझ्या लेकीचा फोन. तेव्हा मी शेजारी. ते तिला काहीतरी लांबलचक सांगायचे, मध्येच मान तिरकी करून माझ्याकडे बघायचे, आणि दोघं खिदळायची. काय सांगितलंत, विचारलं तर म्हणायचे, "तुझ्याबद्दल." काय पण? "पोलिश शीक, म्हणजे कळेल."

मी शिकले नाही. माणूस शेजारी बसलेलं असताना घाई कसली, असं वाटायचं.

आता रविवारी मध्ये तू असतेस, आमचं दोघींचं बोलणं इकडचं तिकडे करतेस. तिला माझी मराठी कळत नाही म्हणून तू हळहळतेस, ते नको. तुझी नोकरी, तिची शाळा, मला सगळं दिसतं. पण मागच्या रविवारी तू चहा ठेवायला उठलीस, तेव्हा ती एकटीच समोर होती. तिनं एकदम मान तिरकी केली, अगदी त्यांच्यासारखी, माझ्याकडे बोट दाखवलं आणि काहीतरी भरभर बोलली. त्यातलं आजोबा तेवढं मला कळलं. ती हसली. मी हसले नाही म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, जरा हळू. मग माझ्या चेहऱ्याकडे बघत गप्प झाली. तू आल्यावर विचारलंस, "आजीशी काय बोलत होतीस?" तिनं खांदे उडवले.

आत्याला म्हणावं, मी सोमवारपासून पोलिशच्या वर्गात जातेय, सोबत चल.

आणि तुझ्यासाठी हे. ती सहा वर्षांची आहे, या वयातलं किती लक्षात राहतं? मला शिकायला वेळ लागणार. तोवर तिला ते विसरू देऊ नकोस. अधूनमधून विचारत जा, आजोबा आजीबद्दल काय म्हणायचे गं? तू ऐक, तिच्याबरोबर हस. मला मात्र मराठीत सांगू नकोस, मी कितीही गयावया केली तरी. ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय, त्यांनी म्हटलं होतं तसं.

आज वरच्या फळीवरची पहिली चिठ्ठी वाचली. डबा उघडून बघावा लागला. साखर होती.

तुझीच,
आई